‘आईची बाईट मिळाली का?’

अपघातात मुलगा गमावलेल्या आईच्या तोंडापुढे बूम (वाहिनीचा माइक) धरून ‘आता तुम्हाला काय वाटतं?’ असे विचारलेले आज सकाळी एका वृत्तवाहिनीवर पाहिले आणि संताप अनावर झाला. काय वाटणार आहे तिला?

माझा धाकटा दीर मुंबईत एका वाहिनीत व्हिडिओ एडिटर आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तिथून येणारे फुटेज त्याच्या टेबलावर येत होते. आपल्याला पडद्यावर मृतदेह धूसर दिसतो; पण तो धूसर करण्यासाठी कुणाला तरी तो आधी लख्ख पाहावा लागतो. हंबरडे ऐकवेनात म्हणून तो आवाज पूर्ण बंद करून, संगणकावरच्या ध्वनीच्या रेषा पाहून बाईट, म्हणजे कॅमेऱ्यापुढच्या बोलण्याचा तुकडा, कापत असे. “रेषा उंच गेली की कळतं, वहिनी,” एवढेच तो म्हणाला. डेस्कवरून मात्र एकच विचारणा: आईची बाईट मिळाली का?

कॅमेरे पोचले नसते तर गाडीरस्ताही नसलेल्या ठाकर आदिवासींच्या त्या वाडीची एवढी दखल कुणी घेतली नसती, हे कबूल. पण २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली, हे सांगायला तोच हंबरडा दिवसभर फिरवावा लागतो का? २६/११ च्या थेट प्रक्षेपणावरून सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वाहिन्यांचे कान उपटले, २०१५ मध्ये दहशतवादविरोधी कारवाई थेट दाखवण्यावर बंदीही आली. रडणारी आई मात्र आजही खुशाल थेट दाखवली जाते.

मुलाने आवाज बंद करून कापलेली तीच दृश्ये माझ्या सासूबाई घरी पूर्ण आवाजात पाहत होत्या आणि रात्री पावसाचा जोर वाढला की उठून बसत होत्या. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर रोज सहा-सहा तास बातम्या पाहणाऱ्यांचा ताण स्फोटस्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळला होता, असे वाचले तेव्हा मला त्याचे मुळीच नवल वाटले नाही.

हे लिहिता लिहिता बूम धरणाऱ्या त्या पोराचा राग मात्र निवळला. त्याला नोकरी टिकवायची आहे, आणि तो प्रश्न त्याच्याही झोपेत येत असेल. राग आहे तो वातानुकूलित खोलीतून बाईट मागवणाऱ्यांचा. त्यांनी निदान एक पाळी माझ्या दिराच्या खुर्चीत बसावे आणि ती न कापलेली बाईट पूर्ण आवाजात ऐकावी.