खासदाराचं मतदान ‘कोरं’ असल्याच्या पोस्टला उत्तर

कोल्हापुरातल्या तालमी-मंडळांच्या आणि ऊस उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘खासदाराचं प्रगतिपुस्तक’ नावाची एक पोस्ट फिरते आहे. तिच्यातले मुद्दे थोडक्यात असे: खासदारांनी पाच वर्षांत कुठल्या कायद्यावर काय मत दिलं याची नोंदच सापडत नाही, म्हणजे त्यांनी मतदानच केलं नाही. हजेरी कमी. प्रश्न शेजारच्या खासदारापेक्षा कमी. स्वतःचं एकही विधेयक मंजूर करून घेतलं नाही. पंचवीस कोटींचा खासदार निधी खर्च केला नाही. आणि कोल्हापुरातलं उच्च न्यायालयाचं खंडपीठ, शक्तिपीठ महामार्ग यांसाठी संसदेत काही केलं नाही.

पोस्टमध्ये एका खासदाराचं नाव आहे. ते मी इथे घेत नाही, कारण प्रश्न त्या एका माणसाचा नाही. ही पट्टी लावली तर देशातला कुठलाही खासदार नापास करता येतो. खासदाराला जाब विचारायलाच हवा. पण चुकीच्या माहितीवर विचारलेला जाब त्याचा पीए एका फोनवर निकालात काढतो आणि खरे प्रश्न तसेच राहतात.

मतदानाचा मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय, म्हणून आधी तो. लोकसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, बाजूचे ‘हो’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात आणि अध्यक्ष निकाल सांगतात. कोण काय म्हणालं याची नावानिशी नोंद यात होतच नाही. ती होते फक्त मतविभागणी झाली, म्हणजे प्रत्येक सदस्याचं मत नोंदवून मोजलं गेलं तर, आणि मतविभागणी सदस्यांना मागावी लागते. घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे ती होतेच.

ऊसपट्ट्यात ज्यावर सगळ्यात जास्त बोललं गेलं ते तीन कृषी कायदे घ्या. सप्टेंबर २०२० मध्ये ते लोकसभेत आवाजी मतदानानं मंजूर झाले. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतविभागणी मागत होते, गोंधळ झाला, आणि तिथेही पहिली दोन विधेयकं आवाजी मतदानानंच पुढे गेली. २९ नोव्हेंबर २०२१ ला हे कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चा न होता, पुन्हा आवाजी मतदानानं मंजूर झालं. म्हणजे या कायद्यांवर अमक्यानं बाजूनं मत दिलं आणि तमक्यानं विरोधात, असं दाखवणारा तक्ता कुणी पाठवला तर तो खोटाच आहे. नोंद नाही म्हणून मत दिलं नाही, हा निष्कर्षही तितकाच चुकीचा.

मग खासदाराची भूमिका शोधायची कुठे? चर्चेत. लोकसभेचं कामकाज शब्दशः छापलं जातं आणि ते सगळ्यांना वाचायला खुलं आहे. सुप्रीम कोर्टानं मे २०२१ मध्ये मराठा आरक्षण रद्द केलं, त्यानंतर मागास प्रवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार परत देणारं १२७ वं घटनादुरुस्ती विधेयक आलं. १० ऑगस्ट २०२१ ला लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य मतांनी ते मंजूर झालं. इथे नावानिशी नोंद आहे, पण सगळेच एका बाजूला असल्यावर तिच्यावरून खासदारा-खासदारातला फरक कळत नाही. फरक त्या दिवशीच्या भाषणांत आहे: आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा उठवा असं कोण स्पष्ट म्हणालं, कुणी ती गोष्ट टाळली, कोण बोललंच नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या त्या गावानं आपल्या खासदाराचं त्या दिवशीचं भाषण वाचायलाच हवं होतं. पोस्टमध्ये त्या भाषणाचा उल्लेखही नाही.

आणखी एक गोष्ट पोस्ट लिहिणाऱ्यानं विचारात घेतलेली नाही, ती म्हणजे पक्षादेश, आपण ज्याला व्हिप म्हणतो तो. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आला. तेव्हापासून पक्षानं व्हिप काढला असेल तर परवानगीशिवाय त्याविरुद्ध मत देणारा किंवा गैरहजर राहणारा खासदार अपात्र ठरू शकतो. त्यामुळे बहुतेक मोठ्या विधेयकांवरचं मत हे पक्षाचं मत असतं. त्याचा राग धरायचा तर पक्षावर धरा, आणि असा पक्ष निवडल्याबद्दल खासदारावर. अपक्षावर मात्र व्हिप नसतो. २००९ मध्ये कोल्हापूरनं सदाशिवराव मंडलिकांना अपक्ष म्हणून निवडून दिलं, हातकणंगल्यानं राजू शेट्टींना, ज्यांच्या पक्षाचे लोकसभेत ते एकटेच होते. त्या दोघांचं मत आणि पक्षाच्या शिस्तीतल्या खासदाराचं मत एकाच तक्त्यात, एकाच रकान्यात मोजणं बरोबर नाही.

कोल्हापूरच्या दृष्टीनं तर मतदानाच्या रकान्यात फारसं काही सापडणारच नाही, कारण आपल्या पोटाशी संबंधित मोठे निर्णय मताला टाकलेच जात नाहीत. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली ठरते. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली आणि नंतर वर्षानुवर्षं तिथेच राहिली, एफआरपी मात्र वाढत गेली. कारखान्यांकडून बिलं का थकतात, या वादाचं एक मोठं कारण हेच आहे. हे निर्णय केंद्र सरकार घेतं, खासदारांचं मत त्यात मोजलं जात नाही. तिथे खासदाराच्या हातात प्रश्न विचारणं, शून्य प्रहरात (तातडीच्या विषयांच्या वेळेत) बोलणं, नियम ३७७ खाली मतदारसंघाचा मुद्दा मांडणं आणि समितीत पाठपुरावा करणं एवढंच असतं. तपासायचं तर तेच तपासा.

हजेरीचा टक्का पाहताना आपल्या भागाची एक गोष्ट लक्षात ठेवा: पावसाळी अधिवेशन आणि पंचगंगेचा पूर एकाच वेळी येतात. ६ ऑगस्ट २०१९ ला लोकसभेत जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयकावर मतदान होतं, आणि त्याच आठवड्यात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती. २०२१ मध्ये अधिवेशन १९ जुलैला सुरू झालं आणि त्याच आठवड्यात पुन्हा महापूर आला. अशा दिवशी शिरोळमध्ये होडीत बसलेला खासदार आणि मुंबईत लग्नाला गेलेला खासदार, टक्केवारीत दोघेही सारखेच गैरहजर. शिवाय मंत्री असलेल्या खासदाराला हजेरीची नोंद करावीच लागत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले, त्यात सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हेही होते. त्यांना सभागृहात जाताच येत नव्हतं. उलट सकाळी नोंद करून दिवसभर बाहेर राहिलेलाही हजरच मोजला जातो. पूर नसताना, निलंबन नसताना, मंत्रिपद नसताना सलग गैरहजेरी दिसली, तर मात्र जाब विचारा. घटनेच्या कलम १०१ नुसार परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह ती जागा रिकामी जाहीर करू शकतं.

प्रश्नांच्या संख्येबद्दल मला पोस्टमधला सूर सगळ्यात जास्त खटकला. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, आणि कुणाचे घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. तारांकित २० पैकी तोंडी उत्तरापर्यंत जेमतेम चार-पाच पोहोचतात. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र करून त्यावर अनेक खासदारांची नावं छापली जातात. त्यामुळे पाचशे प्रश्न म्हणजे पाचशे वेळा मतदारसंघाचं काम, असं होत नाही. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना संसदेनं काढून टाकलं, त्यात महाराष्ट्रातलेही होते. त्यांचेही प्रश्न मोजणीत भरत होतेच! प्रश्न काय विचारला आणि मंत्र्यांनी काय उत्तर दिलं हे वाचायला दहा मिनिटं लागतात. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या आलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याला कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१० मध्ये परवानगी दिली. त्यावर जलशक्ती मंत्रालयाकडून लेखी उत्तर मिळवणारा एक प्रश्न माझ्या मते इतर राज्यांतल्या योजनांची आकडेवारी मागणाऱ्या शंभर प्रश्नांपेक्षा मोलाचा आहे.

‘एकही विधेयक मंजूर नाही’ हे वाक्य तर जवळजवळ प्रत्येक खासदाराला लागू पडतं. स्वातंत्र्यानंतर खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली विधेयकं, मंजूर झाली ती फक्त १४, आणि शेवटचं १९७० मध्ये. पण मंजूर न झालेलं विधेयक वाया जातं असंही नाही. राजू शेट्टींनी २०१८ मध्ये लोकसभेत दोन खासगी विधेयकं मांडली, एक कर्जमुक्तीचं आणि एक शेतमालाला हमीभावाचा कायदेशीर हक्क देणारं. ती मंजूर झाली नाहीत. पण हमीभावाच्या कायद्याची मागणी तेव्हा कागदावर कलमांसह मांडली गेली, आणि पुढं दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले तेव्हा तीच मागणी देशभर ऐकू आली. शेट्टींच्या बाकी राजकारणाशी कुणी सहमत असो वा नसो, या कामाची गणती ‘शून्य’ अशी करणं अन्यायाचं आहे.

मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या, खासदारांच्या स्थायी समित्यांबद्दल पोस्टमध्ये एक अक्षर नाही. विभागवार २४ समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य. बैठका बंद दाराआड होतात म्हणून बातम्या येत नाहीत, पण अहवालाला इतिवृत्त जोडलेलं असतं आणि त्यात हजर सदस्यांची नावं असतात.

खासदार निधीचा हिशेब पोस्टनं सरळ चुकवलाय. वर्षाला ५ कोटी हे खरं, पण कोरोनात २०२०-२१ चा निधी थांबवला आणि २०२१-२२ ला फक्त २ कोटी दिले. म्हणजे २०१९ ते २०२४ या काळात प्रत्येक खासदाराच्या वाट्याला २५ नव्हे, १७ कोटी आले. हा पैसा खासदाराच्या हातातही येत नाही. तो काम सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासन करतं. त्यामुळे काम सुचवायला उशीर झाला का आणि मंजुरी कुठं अडली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

शेवटचा मुद्दा खंडपीठाचा. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं ते राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) खाली. त्यात अधिकार मुख्य न्यायमूर्तींचा, राज्यपालांच्या मान्यतेनं. संसदेत मतदान लागत नाही. त्यामुळे आधी ते झालं नाही याचा दोष आणि आता झालं याचं श्रेय, दोन्ही खासदाराच्या मतदानाच्या नोंदीत शोधू नका. ते सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकं लढून मिळवलंय. शक्तिपीठ महामार्ग तर राज्याचा प्रकल्प आहे. त्यावरचा निर्णय मुंबईत होतो, आणि तिथे आपले आमदार बसतात. भूसंपादनाचा जाब आधी त्यांना विचारायचा.

खासदारांकडून आलमट्टीवर, साखरेच्या किमान किमतीवर किंवा २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आलेल्या कोल्हापूर-वैभववाडी मार्गावर उत्तर हवं असेल, तर लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की लगेच मंडळाच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर नेमका प्रश्न लिहून खासदारांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तो प्रश्न लागला का, उत्तर काय आलं, हे लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावानं शोधता येतं. ग्रुपवर टाकायचं तर ते उत्तर टाका.