मजा मित्रांची की गेमची? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही थोडं लांबणार. तुमचं म्हणणं असं की, मित्र जमले की काहीही खेळा, मजा येतेच. मग मी मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या व्हिडिओ गेमचं कौतुक कशाला करतो? शिवाय खरी मजा जिंकण्यातच, बाकी सगळी मनाची समजूत. आणि ऑनलाइन खेळायचं तर अनोळखी लोकांच्या शिव्या खायच्या.

आधी मित्रांचं बघू. तीच टोळी, तीच गच्ची, फक्त 'व्यापार' मांडा. ज्याचं दिवाळं आधी निघतं तो उरलेला वेळ मोबाइल बघत बसतो, आणि कोण जिंकणार हे सगळ्यांना कळूनही डाव संपता संपत नाही. मित्र तर तेच आहेत की!

आता काउंटर-स्ट्राइक घ्या, दोन टीमच्या बंदूकबाजीचा व्हिडिओ गेम. कोथरूडमधला एखादा गेमिंग कॅफे. इथेही मेला की बाहेर, पण राउंड जेमतेम दोन मिनिटांचा. आपल्यातला एकच उरलाय, समोर दोघं, बॉम्बची टिकटिक चालू. मेलेले चौघं त्याच्या खुर्चीमागे गोळा: "बॉक्समागे बघ!", "अरे, आधी बॉम्ब डिफ्यूज कर, निकामी कर!" (न विचारता सल्ला देणं पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही.) पलीकडच्या रांगेतल्या विरोधकांनाही हे ऐकू जातं, म्हणून एखादा बेरकी मुद्दाम खोटंच ओरडतो. मेलेला माणूसही खेळात असतो तो असा.

आणि हरणाऱ्याची सोय गेमनेच केलेली असते. सलग राउंड हरलात की मिळणारे गेममधले (खोटे) पैसे 1400 डॉलरपासून 3400 पर्यंत चढत जातात, म्हणजे पुढच्या राउंडला धड बंदूक तरी घेता येते. 2018 मध्ये आलेल्या 'अमंग अस' या गेममध्ये मेलेला क्रूमेट (टीमचा साधा खेळाडू) भूत होऊन आपली कामं उरकतो, आणि ती टीमच्या खात्यात धरली जातात.

याला तुम्ही लाड म्हणाल. मारिओ कार्ट या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममधलं निळं कवच, जे पहिल्या नंबरच्या गाडीला हुडकून उडवतं, ते मलाही अतीच वाटतं. नीट गाडी चालवल्याची शिक्षा कसली? काउंटर-स्ट्राइकमधले पैसे मात्र फक्त बंदूक देतात. नेम ज्याचा त्याने धरायचा.

राहिलं जिंकणं. रँक्ड मॅचमध्ये, म्हणजे क्रमवारीसाठीच्या ऑनलाइन सामन्यात, तोडीस तोड प्रतिस्पर्धी शोधून देतात. आर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवलेल्या रेटिंगचाच हा वारसा. ही जुळणी जितकी चोख, तितकं तुमचं जिंकणं निम्म्यावर येणार. मजा फक्त जिंकण्यात असती, तर निम्मी संध्याकाळ फुकट गेली म्हणायची. तरी तुम्ही रोज खेळता, असं तुम्हीच लिहिलंय!

अनोळखी लोकांच्या शिव्यांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. 2019 च्या 'एपेक्स लेजेंड्स' या टीमने खेळायच्या गेमने त्यावर चांगला तोडगा काढला: एक बटण दाबून शत्रू, बंदूक, वाट, सगळं टीमला दाखवता येतं, तोंड उघडावं लागत नाही. अनोळखी टीममध्ये मी तरी माइक बंदच ठेवतो.