एमएच पासिंग आणि माझं मराठीपण: एका प्रतिक्रियेला उत्तर

बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटातल्या बेफाम गाड्यांवर लिहिलेल्या लेखाखाली कोल्हापूरच्या एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. लेखात माझी मागणी एवढीच होती: बेळगाव, खानापूर, निपाणीत वर्षानुवर्षं वापरात असलेल्या एमएच आणि गोवा पासिंगच्या गाड्या इथं नोंदवून घ्या, आणि बेदरकार चालवणाऱ्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लावा. यांचं म्हणणं, अपघात माणूस करतो, नंबरप्लेट नाही. चोर्ल्याचा रस्ताच खराब आहे. अशानं आरटीओला चरायला कुरण मिळेल. आणि शेवटी हे वाक्य: 'सीमाभागातला मराठी माणूसच एमएचच्या गाडीवर उठला, तर कन्नडिगांनी वेगळं काही करायची गरजच नाही.'

रस्त्याचं मान्य. पावसाळ्यात कणकुंबीच्या आसपास गाडी हाकणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि त्याबद्दल बांधकाम खात्याला धारेवर धरायलाच हवं. पण आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करायला खड्डा कुणाला सांगत नाही.

आता ते शेवटचं वाक्य. साहेब, कोल्हापुरात बसून हे लिहिणं फार सोपं आहे. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात माझे वडील लाठ्या खाऊन आले, तेव्हा त्यांच्या पाठीला हळद लावणारी माझी आई होती. आमच्या घरात एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, आजही काळा दिन पाळतात. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, तेव्हा मी इथंच खडसावून लिहिलं होतं. त्या वेळी तुमची प्रतिक्रिया काही दिसली नाही. मला मराठीपणाचा दाखला मागायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

नंबर बघून दगड मारणाऱ्यांचा मला संताप येतो. नंबर बघून पाठीशी घालणाऱ्यांचाही येतो, कारण त्याचा भुर्दंड आमच्या घरानं भरलाय. माझ्या मेव्हण्याला जांबोटीच्या अलीकडं एका गाडीनं मागून उडवलं आणि ती थांबलीसुद्धा नाही. चहाच्या टपरीवरच्या पोरानं सिगारेटच्या पाकिटावर नंबर लिहून ठेवला होता, एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचा. चौकीत हवालदारानं तो वाचला आणि पेन खाली ठेवलं. "महाराष्ट्राची गाडी? वेळ लागेल." मेव्हण्याच्या मांडीत रॉड बसला, तरी मालकाचा पत्ता लागेना. कागदावरच्या मालकानं गाडी कधीच विकली होती, घेणाऱ्यानं ती पुढं तिसऱ्याला दिली होती, आणि तो तिसरा राहायला होता बेळगावातच, आमच्या गल्लीपासून फार लांब नाही. आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, जुन्याच नावावर आणि विमा संपलेला. धडक देणारा मराठी, धडक बसलेलाही मराठी. यात कन्नडिगांचा संबंध कुठं आला, ते सांगा.

म्हणून मी कलम ४७ चं नाव घेतलं. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन तिथला नंबर घ्यावा लागतो. विकलेल्या गाडीचं कलम ५० मध्ये आहे: घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं. विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात चौदा दिवस, राज्याबाहेर पंचेचाळीस. आणि नाव बदललं नाही तर कागदावरचा मालकच भरपाईला जबाबदार, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे कोल्हापुरातल्या ज्या माणसानं गाडी केव्हाच विकली, त्याच्याच गळ्यात हे पडतं. तुमच्या माणसाचाही बचाव याच नियमात आहे, पण ते तुम्ही वाचलंच नाहीत. अपघात माणूस करतो, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण पळून गेलेला माणूस शोधायचा तर हातात गाडीचा नंबरच असतो. खरेदीला, दवाखान्याला, लग्नाला येणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या पाहुण्यांना हा नियम लागतच नाही.

कर्नाटकाचा आजीवन कर जबर आहे, महाराष्ट्रात भरलेला परत मिळवताना चपला झिजतात, म्हणून लोक टाळतात, हे मला कळतं. त्यासाठी सोपी पद्धत मागू या, मी पहिली सही करीन. आरटीओच्या कुरणाचं आरटीओला विचारा.

कलम १८४ बद्दल तर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. हातात मोबाईल धरून चालवणं, सिग्नल तोडणं, उलट्या बाजूनं घुसणं, हे सगळं २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात आणलंय. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. केए असो, एमएच असो, गोव्याची असो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. चोर्ल्याबद्दल, नोंदणीबद्दल, कराबद्दल बोलायचं असेल तर जरूर या. माझ्या वडिलांच्या लढ्याला हिणवायला येणार असाल, तर इथून उत्तर मिळणार नाही.