जोखीम घ्या म्हणता, मग आधी बिले चुकती करा

आज सकाळी सेनापती बापट रस्त्यावरच्या एका सभागृहात उद्योगविषयक परिसंवादाला गेले होते. मंचावरील एका वक्त्यांनी सांगितले, की पुण्याचे लघुउद्योजक वाहनउद्योगाच्या सावलीत सुस्तावले आहेत, जोखीम घ्यायची त्यांची तयारी नाही आणि म्हणूनच आपल्याकडे नवी क्षेत्रे उभी राहत नाहीत. टाळ्या पडल्या. त्यानंतरचे माझ्या कानांत काही शिरलेच नाही, कारण डोळ्यांसमोर भोसरीच्या आमच्या गाळ्यातील टेबलाचा एक खण उभा राहिला होता.

त्या खणात तेलकट कागदात गुंडाळलेले सहा स्क्रू आहेत. मोडलेले हाड सांधताना शस्त्रक्रियेत वापरतात तसले, ३१६ एल प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. २०१९ साली बाबांनी ते सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, स्वतः उभे राहून काढले. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. उभा जन्म दुचाकीच्या इंजिनातील झडपा उघडणाऱ्या रॉकर आर्मचे शाफ्ट बनवण्यात गेलेला हा माणूस, विजेवरच्या स्कूटरला रॉकर आर्म लागत नाही एवढे ओळखून, कोणी न सांगता नवे काम शिकायला बसला होता. आटे बिघडले म्हणून त्यांनी किती नग भंगारात टाकले, ते मी पाहिले आहे. याला कोणी सुस्तावणे म्हणत असेल तर मला संताप येणारच.

नमुने पसंत पडले होते. पुढची अट वैद्यकीय साधनांच्या दर्जासाठीच्या आयएसओ १३४८५ प्रमाणपत्राची, मोजमापासाठी प्रोफाइल प्रोजेक्टरची आणि धूळ येणार नाही अशा वेगळ्या खोलीची होती. सगळे मिळून नऊ लाखांच्या आसपास खर्च येत होता, आणि त्याच वेळी एका मोठ्या कंपनीकडे आमचे साडेअकरा लाख अडकले होते. ते १३१ दिवसांनी आले. तोवर स्क्रूंची ऑर्डर दुसरीकडे गेली होती.

मी अकरा वर्षे बाबांचे हिशेब सांभाळते, म्हणून हे पैसे अडकणे म्हणजे नेमके काय असते ते सांगते. बिल काढले की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत त्यावरचा जीएसटी आम्ही भरायचा, आणि त्या वेळी आमच्या मालावर तो २८ टक्के होता. पैसे हातात आलेले नसतात, कर मात्र गेलेला असतो. समोरची कंपनी त्या कराची वजावट घेऊन मोकळी होते आणि आमचे बिल थकवले तरी १८० दिवसांपर्यंत ती वजावट तिला परत करावी लागत नाही. बँकेत जावे, तर नव्वद दिवसांपेक्षा जुनी येणी ती कॅश क्रेडिटच्या, म्हणजे माल आणि येणी यांच्या तारणावर मिळणाऱ्या उचलीच्या, हिशेबात धरत नाही. म्हणजे ज्या महिन्यात पैशांची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यात उचल सर्वांत कमी. कामगारांचा पगार मात्र थांबवता येत नाही, आणि बाबांनी तो कधी थांबवला नाही.

कोणी म्हणेल, कायदा आहे की. आहे ना! २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी २०१७ पासून समाधान पोर्टलही आहे. पण ज्याच्या कामावर आपली तीन यंत्रे चालतात, त्याच्याविरुद्ध तक्रार करून पुढच्या महिन्यात यंत्रे कशावर चालवायची? एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराची तरतूद लागू झाली, की वेळेत पैसे न दिल्यास तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा करून मिळणार नाही. मला खरोखर आनंद झाला होता. महिन्याभरातच एका कंपनीच्या खरेदी विभागातून बाबांना सुचवण्यात आले, की तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद, काढून टाका, म्हणजे ही तरतूद लागणार नाही आणि दोघांनाही सोयीचे होईल. बाबांनी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

सुधारणांना माझा विरोध नाही, हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. २४ जुलै १९९१ च्या धोरणाने अठरा उद्योग सोडून बाकीच्यांची परवान्याची अट काढली, त्याचा फायदा आमच्याही घराला झाला. मोठ्या कंपन्या आल्या म्हणून भोसरी भरली, हेही मान्य. लहान माणूसही आपल्याहून लहानाचे पैसे थकवतो, हेदेखील खरे आहे. आमचे काही काम बाहेर करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्याला आम्हीही दोनदा थांबवले आहे. पण आम्ही त्याला थांबवले ते आम्हाला थांबवले गेले म्हणून, आणि ही साखळी वरून सुरू होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने वाहनउद्योगाला नव्या तंत्रज्ञानाकडे नेण्यासाठी २५,९३८ कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्यात वाहनउद्योगातील सुटे भाग बनवणाऱ्याची पात्रता काय, तर समूहाचे जगभरातील उत्पन्न किमान ५०० कोटी. आमची उलाढाल वर्षाला दोन कोटी आहे. मोठ्यांना प्रोत्साहन द्यावे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण प्रोत्साहनाचा हप्ता देण्याआधी या कंपनीने लहान पुरवठादारांची ४५ दिवसांवरची बिले चुकती केली आहेत का, एवढे सरकारने का पाहू नये? माझे प्रत्येक बिल जीएसटीच्या विवरणात तारखेसह सरकारकडे गेलेले असते. पैसे मिळाल्याची तारीखही तिथेच नोंदवायची सोय करा, म्हणजे तक्रारीसाठी बाबांना स्वतःचे नाव द्यावे लागणार नाही आणि व्याज आपोआप लागेल. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेत नोंदणी सक्तीची केली, हे चांगलेच झाले. पण नोंदणी करून आमचे बिल तिथे मान्यच केले नाही, तर आम्हाला काय मिळाले?

परिसंवादातून निघाले ती थेट भोसरीला गेले. आज गुरुवार, म्हणून सगळी एमआयडीसी बंद होती. बाबा मात्र गाळ्यातच होते, एकटेच, हातात वेस्टचा बोळा घेऊन लेथचा बेड पुसत होते. बंद शेडमध्ये कूलंटचा तो आंबूस वास होता. सकाळचे भाषण मी त्यांना सांगितले नाही. खण उघडून एक स्क्रू हातात घेतला, तर ते म्हणाले, "ठेव तो, कागदात नीट गुंडाळ. त्या प्रमाणपत्राला आता काय खर्च येतो, तेवढे विचारून ठेव." ते आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. आजच्या तारखेला आमचे आठ लाख चाळीस हजार येणे आहे आणि त्यातले सर्वांत जुने बिल ९६ दिवसांचे आहे.

माझ्या इथल्या मित्रयादीत मोठ्या कंपन्यांच्या लेखा आणि खरेदी विभागांत काम करणारे निदान वीस जण आहेत. धोरण तुमच्या हातात नाही, हे मला समजते. पण उद्या शुक्रवारी कामावर गेल्यावर तुमच्या टेबलावर सहीसाठी थांबलेल्या बिलांमध्ये ४५ दिवस उलटून गेलेले एखाद्या लहान गाळ्याचे बिल असेल, तर तेवढे उद्याच पुढे पाठवा.