पुणे स्वस्त आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी रंकाळ्यावर फिरताना एक जुने स्नेही म्हणाले, "मुलगी पुण्यात आहे ते बरे, मुंबईत असती तर सगळा पगार भाड्यातच गेला असता." मी गप्प राहिलो, कारण तासाभरापूर्वीच मुलीचा फोन येऊन गेला होता. वाकडच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपत आला आहे आणि घरमालकांना २२,००० ऐवजी २७,००० हवे आहेत. जमत नसेल तर घर रिकामे करायचे.

ते घर शोधताना मी सोबत होतो. भर पावसात दिवसभरात नऊ घरे पाहिली. एका ठिकाणी जात विचारली, दुसरीकडे मुली मटण शिजवणार का, असे विचारले. अखेर मिळालेल्या घराची अनामत होती ८८,०००. दोन मुलींत वाटून आमच्या वाट्याला ४४,०००, एजंटाचे ११,००० आणि पहिल्या महिन्याचे ११,०००, म्हणजे पोर तिथे एक रात्र झोपण्याआधीच ६६,००० रुपये गेले. माझ्या आईने काही न बोलता हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या आणि मी त्या तारण ठेवल्या.

मुंबईत जागा महाग आहे, हे मान्य. पण माझा भाचा डोंबिवलीत मित्रासोबत राहतो, त्याच्या वाट्याचे भाडे ७,५०० आहे. लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी गाठतो. पुण्याची लोकल लोणावळ्याकडे जाते, हिंजवडीकडे नाही, म्हणून मुलीला स्कूटर घ्यावी लागली, तिचा हप्ता आणि पेट्रोल वेगळे. डोंबिवली म्हणजे मुंबई नव्हे, असे कुणी म्हणेल. मग वाकड तरी कुठे शनिवारवाड्याशेजारी आहे? भाच्याचे रोजचे तीन तास प्रवासात जातात, तेही खरे. तरीही दोघांच्या हाती २८,००० च्या आसपासच पगार पडत असताना भाचा महिनाअखेरीस घरी पैसे पाठवतो आणि मुलीला मीच पाठवतो.

केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी धरली आहे. तो हिशोब आम्हाला लागला असता तर आमच्या वाट्याला २२,००० आले असते आणि पाटल्या आईच्या हातातच राहिल्या असत्या. घरमालकालाही कर्जाचे हप्ते असतात, ठीक आहे. पण भिंतीची ओल गेल्या पावसाळ्यापासून तशीच असताना ही ५,००० ची वाढ कशाची?

खेड्यातल्या मुलांचे शिक्षण राहण्या-जेवणावाचून अडू नये म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून आमच्या कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली. माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले. आज लाखो मुलांना नोकरीसाठी बोलावणाऱ्या शहरांनी त्यांच्या निवाऱ्याची एवढीही काळजी करू नये, याचा मला मनस्वी संताप येतो.

दुपारी रागाच्या भरात "परत ये" असे मुलीला लिहिले आणि पाठवण्याआधीच पुसून टाकले. तिचे त्या कामावर मन आहे. दिवाळीपर्यंत पाटल्या सोडवायचे ठरले होते. ते आता होणार नाही आणि आईला मी अजून सांगितलेले नाही.

वाकड, ताथवडे किंवा पुनावळे भागात दोन मुलींसाठी घर कुणाच्या माहितीत असेल तर कृपया कळवावे. जात आणि स्वयंपाक न विचारणारे असावे.