विल्यम पेरी आणि कुंपणाने खाल्लेलं शेत

नमस्कार. अमेरिकेचे माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांच्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: जो माणूस आधी लष्करात, मग लष्कराला यंत्रणा विकणाऱ्या कंपनीत, मग त्याच यंत्रणा विकत घेणाऱ्या खात्यात आणि तिथून गुंतवणुकीच्या व्यवसायात जातो, त्याचं कौतुक करणं म्हणजे शेत खाणाऱ्या कुंपणालाच शाबासकी देणं. हे सगळे एकाच माळेचे मणी आहेत आणि उद्योगातून आलेल्यांना सरकारी पदांवर कायमची बंदी हवी. शिवाय मी थेरानोस या रक्ततपासणी कंपनीचा उल्लेखही केला नाही.

थेरानोसबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. पेरी त्या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. थेंबभर रक्तावर ढीगभर चाचण्या करण्याचा कंपनीचा दावा फोल ठरला आणि 2022 मध्ये संस्थापिका एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या. मंडळावर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झ हे माजी परराष्ट्रमंत्रीही होते. पेरींची हयात रडार, उपग्रह आणि शत्रूचे संदेश टिपणाऱ्या यंत्रणांमध्ये गेली. रक्ततपासणी हा त्यांचा प्रांतच नव्हता. तिथे त्यांचं ज्ञान नाही, नावाचं वजन उपयोगी पडलं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे लेखात यायलाच हवं होतं. मी ते जोडतो आहे.

मात्र हाच न्याय 1977 ला, म्हणजे ते संरक्षण खात्यात गेले त्या वर्षाला, लावता येत नाही. त्याआधीची तेवीस वर्षं पेरी एकाच विषयाच्या मागे होते: आधी सिल्व्हेनिया या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत आणि 1964 पासून सहकाऱ्यांबरोबर काढलेल्या ईएसएल या कंपनीत. सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे सिग्नल पकडायचे आणि त्यावरून त्यांची क्षमता ताडायची, हे काम. 1962 च्या क्यूबा पेचप्रसंगात त्यांना वॉशिंग्टनला बोलावून घेतलं ते त्यासाठीच. अशा माणसाकडे संरक्षण खात्याच्या संशोधनाची सूत्रं आली, तेव्हा लॉकहीड या विमान कंपनीचे अभियंते एक विचित्र आकडेमोड घेऊन उभे होते. विमानाचा पृष्ठभाग सपाट पैलूंचा केला तर रडारच्या लहरी परत न जाता भलत्या दिशेला फेकल्या जातात. कागदावर हे विमान उडेल असं वाटतही नव्हतं. पेरींनी त्या कल्पनेला जोराचा पाठिंबा दिला. ‘हॅव ब्लू’ हे प्रायोगिक विमान डिसेंबर 1977 मध्ये उडालं, आणि त्यावरून बनलेलं, रडारला सहज न दिसणारं एफ-117 विमान जून 1981 मध्ये. परत येणारा रडारचा सिग्नल म्हणजे काय हे ज्याने आयुष्यभर मोजलं, त्यालाच अशा आकडेमोडीवर विश्वास टाकायचं धाडस होतं. फाइलवर आलेल्या शेऱ्यांवरून ते होत नाही.

दुसरा निर्णय मला याहून मोलाचा वाटतो, आणि लेखात मी त्याला एकच ओळ दिली होती. पेरी 1994 मध्ये संरक्षणमंत्री झाले. त्याच वर्षी 29 जूनला त्यांनी एक आदेश काढला: यापुढे खरेदीत लष्कराची खास मानकं, म्हणजे ‘मिल-स्पेक’, लावायची असतील तर वेगळी परवानगी घ्यावी लागेल, एरवी वस्तूने काय काम करायचं तेवढंच सांगा किंवा बाजारात रूढ असलेली मानकं वापरा. वरवर ही कारकुनी बाब वाटते. पण 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इंटिग्रेटेड सर्किटचं, म्हणजे चिपचं, मुख्य गिऱ्हाईक अमेरिकी सरकार होतं, मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो मोहिमेमुळे. तीस वर्षांनी त्याच बाजारात लष्कराचा वाटा अगदी किरकोळ उरला होता. चिप बनवणारा आता संगणक कंपन्यांचं ऐकत होता. लष्करासाठी वेगळी चिप बनवून, तपासून, मान्य होईपर्यंत बाजार पुढे निघून जायचा, आणि सैनिकाच्या हातात महागडी पण जुनी वस्तू पडायची. हे खात्यात बसून सहज उमगत नाही. पेरींनी ते सिलिकॉन व्हॅलीत राहून पाहिलं होतं. तुमची कायमची बंदी असती तर हा आदेश कुणी काढला असता, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तुमची भीती खोटी नाही. हवाई दलाच्या खरेदीतल्या बड्या अधिकारी डार्लीन ड्रुयून यांनी बोइंगचे व्यवहार हाताळत असतानाच बोइंगमधल्या नोकरीची बोलणी केली आणि 2004 मध्ये त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली. पेरींचा स्वतःचा 1993 मधला एक निर्णयही मला बोचतो. उपमंत्री असताना एका जेवणाच्या बैठकीत त्यांनी संरक्षण कंपन्यांच्या प्रमुखांना सांगितलं, की खर्च घटणार आहे, एवढ्या कंपन्या तगणार नाहीत. मग विलीनीकरणांची लाट आली. 1990 च्या दशकात 51 मुख्य कंत्राटदार होते, आज पाच उरलेत. स्पर्धाच उरली नाही तर खरेदी करणाऱ्याच्या हाती काय राहतं? इथे कंपन्यांचा हिशेब त्यांना नीट कळला, पण देशाचं दीर्घकाळचं नुकसान कळलं नाही, असं मला वाटतं.

पण ‘सगळे एकाच माळेचे’ म्हणताना एक गोष्ट तपासून पाहा. पेरींची ईएसएल 1978 मध्ये टीआरडब्ल्यूने घेतली आणि टीआरडब्ल्यू 2002 मध्ये नॉर्थ्रॉप ग्रमनने. 2020 मध्ये नॉर्थ्रॉप ग्रमनला जमिनीवरून डागायच्या नव्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रासाठी 13.3 अब्ज डॉलरचं कंत्राट मिळालं. त्याच्या चार वर्षं आधी, 2016 मध्ये, पेरींनी वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिलं होतं की ही जमिनीवरची क्षेपणास्त्रं मोडीतच काढा. कारण संगणकाचा इशारा खोटाही निघू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं: 9 नोव्हेंबर 1979 च्या रात्री त्यांना फोनवर उठवून सांगण्यात आलं होतं, की संगणकावर सोव्हिएत क्षेपणास्त्रं अमेरिकेकडे येताना दिसताहेत.