फोंड्याच्या ताईंच्या दोन स्टारना आमचं उत्तर

ताई, नमस्कार. रिव्ह्यू त्याच रात्री वाचला होता, पण उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण तुमच्या काऊंटरवर आहे तसला जुना ४ जीबी रॅमचा कम्प्युटर आधी कुठून तरी मिळवला आणि आमचं कॅमेऱ्याने बारकोड वाचायचं ॲप त्याच्यावर चालवून बघितलं, ते केल्याशिवाय काही लिहिणं बरोबर वाटेना.

तुम्ही लिहिलंय की चवथीच्या आदल्या रविवारी दुकानात रांग लागलेली, अगरबत्तीचा पुडा कॅमेऱ्यासमोर धरला की विंडो पांढरी पडून वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ यायचं, शेवटी वही काढून हाताने बिलं केली. हे शंभर टक्के खरं आहे ताई, माझ्याकडे त्या जुन्या मशीनवर तिसऱ्याच पुड्याला तसंच झालं. चूक माझी आहे. कॅमेऱ्याचं चित्र घेणं, त्यात बारकोड शोधणं आणि स्क्रीनवरची बटणं-यादी सांभाळणं ही तिन्ही कामं मी एकाच थ्रेडवर टाकली होती, म्हणजे एकच माणूस माल मोजणार, गल्ला बघणार आणि गिऱ्हाइकाशी बोलणार, तो मोजण्यात अडकला की समोरच्याला उत्तर देणारं कोणी नाही. माझ्या म्हापशाच्या ऑफिसातलं मशीन नवीन, तिथे हे कधी जाणवलंच नाही, आणि जुन्या मशीनवर न तपासता मी तुम्हाला पैसे घेऊन दिलं याचं मला खरंच वाईट वाटतंय.

आता वाचायचं काम वेगळ्या थ्रेडवर नेलंय. तो थ्रेड फक्त सगळ्यात ताजं चित्र घेतो, मागे साठलेली टाकून देतो, नाहीतर पुडा काढून घेतल्यावरही पाच सेकंद जुनी चित्रं वाचत बसायचा. त्याच जुन्या मशीनवर काल दोन तास सलग चालवलं, विंडो एकदाही अडकली नाही.

दुसरी तक्रार, एकाच मालाचे दोन नंबर येतात. इथे मी जरा सविस्तर लिहितो कारण तुम्हाला वाटलंय की ॲप चुकीचं वाचतं. तुम्ही चॉकलेट सिरपच्या बाटलीचा फोटो टाकलाय, ती अमेरिकेची आहे आणि तिच्यावर १२ आकडी यूपीसी, म्हणजे तिकडचा बारकोड नंबर आहे. आपल्याकडच्या मालावर ईएएन नावाचा १३ आकडी नंबर असतो, बहुतेक वेळा ८९० ने सुरू होणारा. यूपीसीच्या पुढे एक शून्य लावलं की तोच १३ आकडी ईएएन होतो, पट्ट्या त्याच. तुमची जुनी बारकोड वाचायची गन १२ आकडे देते, आमचं ॲप शून्य धरून १३ देतं, दोन्ही बरोबर, पण यादीत दोन वेगळ्या बाटल्या दिसतात. त्यावर तुम्ही यादी एक्सेलमध्ये उघडलीत तेव्हा एक्सेलने पुढचं शून्य खाल्लं आणि बाकीचे नंबर ८.९ई+१२ असे करून ठेवले. हे होणार हे मला माहीत असायला हवं होतं. आता ॲप सगळं १३ आकडीच साठवतं, गनने आलेले १२ सुद्धा, आणि यादी एक्सेलच्या फाईलमध्ये टेक्स्ट म्हणूनच बाहेर पडते.

आणि आकडा चुकीचा वाचला तर? तेराव्या आकड्याचं कामच ते असतं. ८९०१२३४५६७८९० घ्या: पहिल्या बारापैकी पहिला, तिसरा, पाचवा असे एक सोडून एक आकडे मिळवले की २८, उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२, एकूण १३०. शेवटी शून्य आलं म्हणून तेरावा आकडा शून्य. मधला कुठलाही एक आकडा चुकला तरी हा हिशोब बसत नाही, मग ॲप तो नंबर घेतच नाही.

पण तुमच्या कोकमच्या पाकिटांवरचा कोड ॲप वाचत नाही, त्याचं मात्र मला प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, तिथे दोष स्टिकरचा आहे. तुम्ही पाठवलेलं पाकीट मी भिंगाखाली बघितलं. पट्ट्या थेट स्टिकरच्या कडेपर्यंत गेल्यात, डाव्या बाजूला पांढरी जागाच नाही. पूर्ण साईजच्या ईएएनला डावीकडे साधारण साडेतीन मिलिमीटर आणि उजवीकडे सव्वादोन मिलिमीटर कोरी जागा लागते, ती नसली की कोड कुठून सुरू झाला हे कॅमेऱ्याला नीट कळत नाही. त्यात खाली कोकमचा लाल डाग आणि वर चकचकीत प्लास्टिक, त्यावर ट्यूबलाईटची रेघ. स्टिकर थोडा रुंद घ्या आणि लाईट तिरका येईल असं बघा. अजून एक, स्वतःच्या मालावर मनाने ८९० चा नंबर टाकू नका, तो दुसऱ्या कोणाच्या मालाचा निघू शकतो. दुकानापुरते नंबर २० ने सुरू करा, ते त्यासाठीच राखून ठेवलेले असतात.

‘एवढ्या पैशात गन आली असती’ असंही लिहिलंय. बरोबर आहे. दिवसभर बिलं करणाऱ्या काऊंटरला गनच हवी, हे मी विकताना सांगायला पाहिजे होतं. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचा फोकस बहुतेक वेळा फिक्स असतो, बारीक कोड जवळ धरला की धूसर, लांब धरला की पट्ट्या पुरेशा मोठ्या दिसत नाहीत. यूएसबी गन म्हणजे कम्प्युटरच्या दृष्टीने कीबोर्डच, आकडे टाईप करते आणि शेवटी एंटर मारते, त्यामुळे तुमची जुनी गन आमच्या ॲपमध्ये आत्ताही चालते. कॅमेरा मागे गोडाऊनमध्ये माल मोजायला ठेवा.

फोन उचलला नाही, तेही खरं. मी पेडण्याला गावी होतो, मिसकॉल रात्री बघितला आणि परत केला नाही. यासाठी माफी मागतो.

येत्या बुधवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळी मी स्वतः फोंड्याला येतो, नवीन व्हर्जन टाकून देतो आणि जुन्या यादीतले डबल झालेले माल तिथेच बसून एकत्र करतो, त्याचे काही पैसे नाहीत. त्यानंतरही पैसे परत हवे असतील तर त्याच दिवशी देतो. कोकमच्या स्टिकरच्या त्याच रोलची एक पट्टी तेवढी बाजूला काढून ठेवा.